‘तो खेळला असता तर...’

आपला आवडता संघ हरला की मैदानातून घरी परतताना पहिले वाक्य कोणते कानी पडते? ‘अमका खेळला असता तर आपण हरलोच नसतो!’ हा अमका बहुधा दुखापतीमुळे बाहेर बसलेला असतो. हे वाक्य खरेही असेल, पण ते खरे आहे की नाही हे ठरवायचे कसे?

माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडमधील लिव्हरपूल या फुटबॉल संघाचा कट्टर चाहता आहे. ७ मार्च २०२१ रोजी हा संघ आपल्या ॲनफिल्ड या घरच्या मैदानावर फुलहॅमकडून ०-१ असा हरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला. “सर, घरच्या मैदानावर सलग सहावा पराभव! व्हॅन डाइक असता तर ही वेळ आली नसती.” मी लगेच म्हणालो, “अगदी खरे!” फोन ठेवला आणि माझी मलाच लाज वाटली. प्रयोगवहीत निरीक्षणे न लिहिता एकदम निष्कर्ष लिहिणाऱ्या मुलाची वही मी परत करतो. आज मी स्वतः तेच केले होते! तेव्हा आकडे घेऊन बसलो. चला, तुम्हीही माझ्याबरोबर बसा.

निरीक्षणे

२०१९-२० च्या हंगामात लिव्हरपूलने ९९ गुण मिळवून तब्बल तीस वर्षांनी इंग्लंडचे अजिंक्यपद जिंकले. त्या ३८ सामन्यांत त्यांनी ८५ गोल केले आणि ३३ गोल स्वीकारले. पुढच्या हंगामात १७ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांचा प्रमुख बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक याच्या गुडघ्यातील अस्थिबंध फाटला. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना जागच्या जागी धरून ठेवणारी ही दोरीच म्हणा ना! ती फाटली की खेळाडू कित्येक महिने खेळू शकत नाही. नोव्हेंबरमध्ये दुसरा बचावपटू जो गोमेझ जायबंदी झाला आणि जानेवारीअखेर तिसरा, जोएल मातिप.

एप्रिल २०१७ पासून लिव्हरपूल घरच्या मैदानावर लीगचे सलग ६८ सामने हरले नव्हते. २१ जानेवारी २०२१ रोजी बर्नलीने ही मालिका तोडली आणि तेथून पुढे सहा पराभव झाले: ०-१, ०-१, १-४, ०-२, ०-१, ०-१.

बचावपटू जायबंदी झाले आणि संघ हरू लागला. मग कारण उघडच आहे, नाही का? थांबा. आधी एक खेळ खेळू.

फाशांचा संघ

एक फासा घ्या. तुमच्या संघात अकरा खेळाडू आहेत आणि प्रत्येकाला गोल करण्याची एक संधी मिळते असे समजा. फासा अकरा वेळा टाका. सहा पडला तर गोल, अन्यथा नाही. दर सामन्यात सरासरी अकरा भागिले सहा, म्हणजे सुमारे १.८ गोल होतील. लिव्हरपूलने २०२०-२१ मध्ये ३८ सामन्यांत ६८ गोल केले. त्यांची सरासरीही जवळजवळ १.८ च येते. म्हणजे तुमचा फाशांचा संघ चांगलाच तगडा आहे!

आता सांगा, हा संघ एखाद्या सामन्यात एकही गोल करणार नाही अशी शक्यता किती? एका फेकीत सहा न पडण्याची संभाव्यता ५/६. अकरा फेकींत एकदाही न पडण्याची संभाव्यता म्हणजे ५/६ चा अकरावा घात. गुणाकार करून पाहा, उत्तर सुमारे ०.१३ येईल. म्हणजेच साधारण सात-आठ सामन्यांत एकदा हा तगडा संघ गोलशून्य राहणारच. त्या दिवशी कोणी जायबंदी नसतो, कोणी आळस केलेला नसतो. फासा तोच असतो!

क्रिकेटमध्ये शेकडो धावा होतात, त्यामुळे नशिबाचे चढउतार बरेचसे एकमेकांत जिरून जातात. फुटबॉलमध्ये मोजण्यासारख्या गोष्टी फार थोड्या. एखादा गोल इकडे की तिकडे यावर निकाल फिरतो. म्हणून एका सामन्यावरून कारण सांगू नये. एकदाच वजन करून तराजूला दोष देण्यासारखे ते होईल.

पण सहा सामन्यांचे काय? सहापैकी पाच सामन्यांत एकही गोल नाही! आपल्या फाशाला हे जमण्याची शक्यता हजारात एकसुद्धा नाही. अर्थात येथे एक सावधगिरी हवी. आपण संपूर्ण हंगामातून नेमके सर्वांत वाईट सहा सामने वेचून काढले आहेत. भिंतीवर आधी बाण मारायचा आणि मग त्याच्याभोवती वर्तुळ काढायचे, तसा हा प्रकार आहे. तरीही शक्यता इतकी कमी आहे की केवळ योगायोग म्हणून हात झटकता येत नाहीत. काहीतरी कारण असले पाहिजे. पण कोणते?

कारण कोठे दडले आहे?

वरचे सहा निकाल पुन्हा वाचा. त्यांतील चार सामन्यांत लिव्हरपूलवर केवळ एकेक गोल झाला. आणि सहा सामन्यांत मिळून लिव्हरपूलने किती गोल केले? फक्त एक, तोही पेनल्टीवर! जायबंदी झाले बचावपटू, आणि आटले ते गोल करणे.

आता आणखी एक आकडेमोड. त्या हंगामातील पहिले चार सामने व्हॅन डाइक खेळला होता. त्यांत लिव्हरपूलवर ३, ०, १ आणि ७ असे ११ गोल झाले. होय, सातसुद्धा, ॲस्टन व्हिलाकडून ते २-७ असे हरले होते, आणि तेव्हा व्हॅन डाइक मैदानात होता! ज्या सामन्यात तो सुरुवातीलाच जायबंदी झाला तो धरून उरलेल्या ३४ सामन्यांत ३१ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे ०.९. अजिंक्यपदाच्या हंगामात हाच आकडा ३३ भागिले ३८, म्हणजे सुमारे ०.९ होता. म्हणजे तो नसतानाही बचाव जवळजवळ पूर्वीइतकाच राहिला!

यावरून व्हॅन डाइकची गरजच नव्हती असे म्हणावे का? मुळीच नाही. बचाव राखण्यासाठी संघाला काय किंमत मोजावी लागली ते पाहा. मध्यफळीतील फाबिन्यो याला बचावात उभे केले आणि पुढे कर्णधार हेंडरसन यालाही. नंतर या दोघांनाही दुखापतींनी गाठले. सदऱ्याच्या पाठीला ठिगळ लावण्यासाठी बाही कापली तर पाठ झाकली जाते, पण हात उघडा पडतो. मध्यफळीतून आघाडीला चेंडू पोचवणारे हात कमी झाले आणि गोल ८५ वरून ६८ वर आले.

हे झाले आपले अनुमान. ते तपासायचे कसे? निसर्गाने म्हणा वा वेळापत्रकाने म्हणा, एक प्रयोग आयताच करून ठेवला आहे. हंगामाचे शेवटचे दहा सामने घ्या. तिन्ही प्रमुख बचावपटू अजून बाहेरच होते. पण बहुतेक सामन्यांत फाबिन्यो मध्यफळीत परतला आणि बचावात नॅट फिलिप्स, रीस विल्यम्स यांसारखी नवखी मुले उभी राहिली. निकाल? आठ विजय, दोन बरोबरी, पराभव एकही नाही! गोल केले २१ आणि स्वीकारले ६. संघाने ६९ गुणांसह तिसरे स्थान मिळवले.

प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच घटक बदलतो. मैदानात तशी सोय नसते. त्या हंगामात साथीमुळे प्रेक्षागृहे ओस होती, हाही एक बदललेला घटक. परंतु जून २०२० पासून जानेवारी २०२१ पर्यंत प्रेक्षकांविना किंवा मोजक्याच प्रेक्षकांसमोर लिव्हरपूल ॲनफिल्डवर लीगचा एकही सामना हरले नव्हते. तेव्हा ओस प्रेक्षागृह हे एकटेच कारण असू शकत नाही. आपले अनुमान सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. ते एका परीक्षेत उतरले, एवढेच.

आपले मन असे का करते?

१९७६ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गमतीदार निष्कर्ष प्रसिद्ध केला. आपल्या विद्यापीठाच्या संघाविषयी बोलताना विद्यार्थी विजयानंतर ‘आपण जिंकलो’ असे म्हणत. पराभवानंतर मात्र ‘आपण’ हा शब्द कमी ऐकू येई. पराभव आपल्याला अंगाला चिकटू द्यायचा नसतो. दुखापतीचे कारण त्यासाठी फार सोयीचे. आपला संघही चांगला, आपणही चांगले, वाईट ते नशीब! आणि मग उरलेला राग बिचाऱ्या बदली खेळाडूवर निघतो.

येथेच हा विषय खेळापुरता राहत नाही. तुमच्या शाळेचा गोलरक्षक आजारी पडतो, ऐनवेळी नववीतला एक मुलगा उभा राहतो आणि संघ ०-१ असा हरतो. सारी शाळा त्याच्याकडे बोट दाखवते. त्या वेळी तुम्ही दोन प्रश्न विचारा. एक, असा निकाल नुसत्या फाशानेही लागला असता का? दोन, गोल वाचवला नाही म्हणून हरलो, की केलाच नाही म्हणून? उत्तरे मिळाली म्हणजे कदाचित ते बोट खाली येईल.

मी त्या विद्यार्थ्याला पुन्हा फोन केला तो हंगाम संपल्यावर. वरील सारे हिशेब त्याला वाचून दाखवले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, पण व्हॅन डाइक असता तर फाबिन्योला जागा सोडावीच लागली नसती!”

मी हसलो. आता त्याच्या वाक्यात ‘असता तर’ पुढे एक कारण होते, आणि ते तपासता येण्यासारखे होते.