तसलं काही नाही ना?

टिटवाळ्यात आमचं छोटंसं वाचनालय एका इमारतीच्या तळमजल्यावर, गाळ्यात आहे. भिंतीपलीकडे पिठाची गिरणी, त्यामुळे वरच्या फळीवरच्या पुस्तकांवर कायम बारीक पांढरा थर बसलेला असतो. मंगळवारी महागणपतीला येणाऱ्यांची गर्दी असते, रिक्षा मिळत नाही, म्हणून त्या दिवशी आम्ही बंद ठेवतो. बाकी दिवस संध्याकाळी पाच ते आठ. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी वेगळं कपाट आहे आणि त्यात जाणारी प्रत्येक कादंबरी आधी माझ्या हातून जाते. गेली सहा वर्षं हे काम माझ्याकडे आहे.

आईवडील पुस्तक हातात घेतात, उलटं करून मागचा मजकूर वाचतात, मधलंच एखादं पान उघडून बघतात आणि आवाज जरा खाली आणून विचारतात, "ताई, तसलं काही नाही ना ह्यात?"

"तसलं" म्हणजे काय, हे आजवर कुणी मला उलगडून सांगितलेलं नाही. सांगावं लागतही नाही. मुलगामुलगी, चुंबन, शिव्या, सिगारेट, घरातून पळून जाणं. एका वडिलांच्या लेखी पाळीचा उल्लेखही त्यातच मोडत होता. ह्या शब्दात काय काय येतं ते मला माहीत होतं. काय येत नाही, ते हे काम करता करता कळलं.

कादंबरी मी दोनदा वाचते. पहिल्यांदा मुलं वाचतात तशी, एका बैठकीत, पुढे काय होतं ह्या ओढीने. तेव्हा पेन्सिल हातात घेत नाही. दुसऱ्यांदा पेन्सिल आणि जुन्या कॅलेंडरच्या कापलेल्या चिठ्ठ्या. जिथे अडखळायला झालं तिथे चिठ्ठी, मग लाँगबुकात नोंद. पहिल्या वर्षीच्या नोंदी अशा आहेत: "पा. 31, शिवी. पा. 58, चुंबन, दीड ओळ. पा. 90, काका दारू पितात." पंचनाम्यासारख्या. मुद्देमाल किती सापडला, एवढंच त्यात आहे.

त्याच वर्षी एक साहसकथा आली. पाच मुलं, मे महिन्याची सुट्टी, किल्ला, चोरांची टोळी. माझ्या वहीत त्या पुस्तकापुढे एकही नोंद पडली नाही. सातवीतल्या एका मुलीला मी ते स्वतः काढून दिलं, "छान आहे, घे." पंधरा दिवस ठेवायची मुभा असताना तिने ते तिसऱ्या दिवशी परत आणलं.

"आवडलं नाही का गं?"

"बोअर आहे, काकू."

एवढंच. एरवी ही मुलगी गोष्ट सांगितल्याशिवाय पायरी उतरत नसे. रात्री मी पुस्तक पुन्हा उघडलं. पान 47 वर त्या पाच जणांतल्या एका मुलीला बाकीचे "डांबर" म्हणून हाक मारतात, ते शेवटपर्यंत. अंधारात ती दिसत नाही म्हणून विनोद होतो. चोरांना ती दिसत नाही म्हणून तीच सगळ्यांना सोडवते. शेवटी शाळेत तिचा सत्कार होतो, तेव्हा मास्तरही तेच नाव घेतात आणि सगळे हसतात. तीही हसते. माझ्या वहीत आता नोंद आहे: "पा. 47. सगळे हसतात. मास्तर हसतात. लेखकही हसतो." पुस्तक परत आणणारी मुलगी सावळी आहे. हे दोनदा वाचूनही माझ्या डोळ्यांना खुपलं नव्हतं, कारण मी शिव्या आणि चुंबनं मोजत बसले होते.

तेव्हापासून नोंदींची तऱ्हा बदलली. काय घडतं ते अजूनही लिहिते, पण त्याच्यापुढे लिहिते की ते घडत असताना लेखक कुणाच्या बाजूला उभा आहे, आणि ते पान वाचताना मूल एकटं पडतं का. "श्यामची आई" आपण नऊ वर्षांच्या पोरांच्या हाती बिनदिक्कत देतो. 1935 साली आलेल्या त्या पुस्तकात मार आहे, सावकाराचा तगादा आहे, दारिद्र्य आहे आणि आईचा मृत्यू आहे. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिंपटीने बडवते आणि नंतर त्याच्या पाठीवरचे वळ पाहून तिच्याच डोळ्यांना पाणी येतं. त्या वळांपाशी साने गुरुजी वाचणाऱ्या मुलाला सोडून पुढे जात नाहीत, त्याच्याजवळ थांबतात. म्हणून ते पुस्तक लहान मुलाला पेलतं.

मिलिंद बोकील यांच्या "शाळे"वर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. 2004 साली मौजेने काढलेली ही कादंबरी मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाही, पण सांगणारा मुकुंद जोशी नववीत आहे, आणीबाणीचा काळ आहे, आणि आमच्या कपाटातून तिच्याइतक्या वेळा दुसरं पुस्तक बाहेर गेलेलं नाही. माझ्या प्रतीला एकवीस चिठ्ठ्या लागल्या. शिव्या आहेत, मुलींवरून चाललेली पोरांची बोलणी आहेत, "लाइन" आहे. दुसऱ्या वाचनात त्या चिठ्ठ्या एकेक करून काढत गेले. कारण ती सगळी बडबड टोळक्यातली आहे, एकेकट्या पोराच्या पोटात भीती आहे, आणि हे लेखकाला पक्कं ठाऊक आहे. एक जण मुलीला विचारतो आणि त्यावरून जो गदारोळ होतो, तो वाचताना कुठल्याही मुलाला गंमत वाटणार नाही. शिरोडकर गाव सोडून जाते आणि जोशीपुढे नुसती दहावी उरते, तिथे माझाच गळा दाटून आला. एकवीसमधल्या दोन चिठ्ठ्या राहिल्या. पुस्तक आठवीपासून पुढे. एका वडिलांनी ते दुसऱ्याच दिवशी परत आणून टेबलावर ठेवलं, काही न बोलता. मीही वाद घातला नाही. वर्षभराने त्यांचा मुलगा स्वतःच्या कार्डावर ते घेऊन गेला.

सिनेमाला ह्या बाबतीत शिक्का असतो. 2024 पासून तर यूए प्रमाणपत्रातही 7, 13 आणि 16 अशा पायऱ्या आल्या. पुस्तकाला तसा काही शिक्का नाही. आपल्याकडे प्रकाशक गट पाडतात, ते बहुतेक वाचनाच्या तयारीवरून. माधुरी पुरंदरे यांच्या "वाचू आनंदे"त बालगट आणि कुमारगट आहेत, आणि मोठ्यांच्या साहित्यातले उतारे त्यांनी मुलांपुढे मोकळ्या मनाने ठेवले आहेत. कायदा आहे, पण त्याची पट्टी फार लांब. मुलांच्या हाती घातक प्रकाशनं पडू नयेत म्हणून 1956 साली केंद्राने जो कायदा केला, त्यात वीस वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती "तरुण" धरली आहे. त्याचा मुख्य रोख गुन्हे आणि क्रौर्य रंगवणाऱ्या चित्रकथांवर होता. बारा वर्षांचा आणि एकोणीस वर्षांचा एकाच दावणीला बांधून माझं काम होत नाही.

ह्या प्रश्नाचा मला सापडलेला सर्वांत नेमका विचार एका मराठी कथेवरच्या खटल्यातला आहे. चंद्रकांत काकोडकर हे नाव माझ्या पिढीला माहीत आहे. त्यांच्या कादंबऱ्या आमच्या घरी मोठ्यांच्या उशाखाली असत आणि आम्ही त्या दुपारी काढून वाचत असू. "रंभा" मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या "शामा" ह्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनी त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष मुक्त केलं. कथा फार उंचीची आहे, असं न्यायालय म्हणालं नाही. पण कुमारवयातल्या वाचकांचा विचार करून न्यायाधीशांनी सांगितलं की असल्या प्रसंगांबद्दल नुसतं वाचल्याने ही मुलं बिघडतील असं खात्रीने म्हणता येत नाही. असे प्रसंग त्यांच्या आयुष्यातही येऊ शकतात, त्यांना तोंड द्यावं लागू शकतं. आणि लेखनाचा रोख जर वाईट वागणाऱ्याचं वागणं वाईटच दाखवण्याकडे असेल, तर ते लेखन त्यांना नासवणारं म्हणता येणार नाही. एखादं वाक्य उचलून निकाल द्यायचा नाही, सबंध गोष्ट वाचायची. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी हे सांगून झालं आहे, आणि आम्ही अजून मधलं पान उघडून बघतो.

तेही टिटवाळ्यात. इथल्या गणपतीची आख्यायिका शकुंतलेची आहे. कण्व मुनींचा आश्रम इथलाच, दुष्यंताने ओळख नाकारल्यावर तिने ह्या विनायकाची आराधना केली, असं सांगतात. लग्नं जमावीत म्हणून लोक त्यामुळेच इथे येतात. इथल्या प्रत्येक पोराला ही गोष्ट पाठ आहे. वडील घरी नसताना आश्रमातल्या कोवळ्या मुलीने स्वतःच्या मनाने केलेलं लग्न, पोटातलं मूल, भर दरबारात "ही कोण?" म्हणणारा नवरा. हेच एखाद्या नव्या कादंबरीत आलं, नायिकेचं नाव दुसरं असलं, तर ती माझ्या टेबलावर "तसलं" म्हणून येईल. शकुंतलेला आपण घरात घेतलं आहे, कारण तिच्या बाजूने उभं राहून ती गोष्ट आपल्याला सांगितली गेली.

मागच्या पावसाळ्यात एक बाई असंच एक पुस्तक पिशवीत घालून आल्या. सकाळच्या लोकलने जाणाऱ्या, रात्री साडेसातच्या पुढे घरी पोचणाऱ्या. नववीतल्या मुलीच्या गादीखाली सापडलं होतं. कॉलीन हूव्हरचं "इट एंड्स विथ अस", कल्याण स्टेशनबाहेरच्या फूटपाथवरची प्रत. कागद इतका पातळ की मागची अक्षरं पुढे उमटलेली, एक फॉर्मा उलटा शिवलेला. "मला इंग्रजी एवढं जमत नाही. तुम्ही वाचा आणि सांगा, तसलं आहे का." मुलीची खूण निम्म्यावर होती, चॉकलेटचा कागद.

मी ते दोन दिवसांत, लोकलमध्ये आणि घरी वाचून काढलं. 2016 सालचं पुस्तक, मोठ्यांसाठी लिहिलेलं, पण जगभर चौदा-पंधरा वर्षांच्या मुली ते वाचतात. बिछान्यातले प्रसंग आहेत, सविस्तर आहेत. मला त्यांच्यापेक्षा जास्त काळजी त्यांच्या आधीच्या पानांची वाटली. राइल हा डॉक्टर लिलीच्या मागे लागतो, शेजारपाजारची दारं ठोठावत तिला शोधत येतो, नाही म्हटलं तरी सोडत नाही, आणि हे सगळं इतकं लाघवी लिहिलं आहे की वाचणारीचा जीव त्याच्यावर जडावा. लेखिकेने ते जाणूनबुजून केलं आहे. पुढे हाच माणूस हात उगारतो, माफी मागतो, पुन्हा उगारतो, आणि लिलीबरोबर वाचणारीलाही कळतं की मारणाऱ्या माणसावरचं प्रेम असं एका दिवसात आटत नाही. हूव्हरने स्वतःच्या आईच्या आयुष्यावरून हे लिहिलं आहे. पुस्तक त्या बाईच्या बाजूचं आहे, ह्यात मला शंका नाही. पण बाजू कळायला शेवटापर्यंत जावं लागतं, आणि पहिल्या निम्म्या भागात चौदा वर्षांची मुलगी त्याच्याबरोबर एकटी असते.

म्हणून आमच्या कपाटात ते गेलं नाही. वहीत लिहिलं: "सोळाच्या पुढे. त्याआधी हाती पडलं असेल तर निम्म्यावर काढून घेऊ नये." खूण जिथे होती, तिथे तो माणूस अजून बराचसा गोड होता. आईने पुस्तक त्या पानावर जप्त केलं असतं, तर त्या मुलीच्या मनात तो तसाच राहिला असता.

बाईंना मी सगळी गोष्ट सांगितली, मराठीत, बिछान्यातल्या प्रसंगांसकट. गिरणी चालू होती, मला दोन वाक्यं मोठ्याने सांगावी लागली आणि त्यांनी घाईघाईने दाराकडे पाहिलं. त्या मधे काही बोलल्या नाहीत. शेवटी विचारलं, "मग सोडते का ती त्याला?"

"सोडते."

"मूल झाल्यावर?"

"हो. मुलगी होते, तेव्हा."

त्यांनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले. "वाचू दे मग तिला पुरतं," म्हणाल्या. जाताना पायरीवर थांबून म्हणाल्या, "मलाही कळायला हवं होतं ते पुस्तक."

दिवाळीनंतर मुलगी स्वतः आली. रविवारी दुपारी ती आईला ते मराठीत वाचून दाखवते आहे, म्हणाली, आई निवडणटिपण करताना ऐकते. मधल्या काही पानांचा अर्थ तिला नीट लावता येत नव्हता, म्हणून पुस्तक माझ्याकडे ठेवून गेली. माझं बघून तिनेही कॅलेंडरच्या चिठ्ठ्या कापून घातल्या होत्या. बहुतेकांवर अडलेले शब्द होते. शेवटाकडच्या एका चिठ्ठीवर तिने पेनने लिहिलं होतं, "हे आईला वाचायचं नाही."

मी ते पान उघडलं. बिछान्यातला प्रसंग नव्हता. लिलीची आई लेकीपाशी बसून, आपण इतकी वर्षं का सोसत राहिलो ते सांगते, ते पान होतं.