काचेचे घर आणि जाळीचे घर



गेल्या वर्षी शाळेच्या बागेत आपण टोमॅटोच्या कुंड्या ठेवल्या होत्या, हे आपणांस आठवत असेल. थंड देशांत लोक छोट्या हरितगृहात टोमॅटो पिकवतात, असे वाचून आम्ही बांबूच्या सांगाड्यावर प्लास्टिकचा कागद चढवला. मार्च लागताच फुले गळाली, एप्रिलमध्ये रोपे करपली. मुलांनी पाणी घालण्यात कसूर केली नव्हती. चूक आमची होती, म्हणून हा लेख.

हरितगृहात काय घडते? ऊन काचेतून किंवा प्लास्टिकमधून आत येते आणि माती तापवते. मातीमुळे हवा तापते, पण ती बाहेर पडू शकत नाही. उष्णता आत कोंडून राहते. टोमॅटोला कडाक्याची थंडी सोसत नाही. म्हणून इंग्लंडसारख्या देशात फेब्रुवारी-मार्चमध्ये हरितगृहात बी पेरतात आणि जुलैच्या सुमारास फळे तोडतात. तेथे ही कोंडलेली उष्णताच रोपाला तारते.

आपली अडचण नेमकी उलट आहे. टोमॅटोला दिवसा २० ते ३० आणि रात्री १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. दिवसाचा पारा ३५ च्या वर राहू लागला की परागकण निकामी होतात व फूल गळते. आपल्या कलबुर्गीत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात आम्ही रोपांना जणू स्वेटर घातला!

आपला खरा हंगाम हिवाळा. सप्टेंबरमध्ये बी पेरावे, २५ ते ३० दिवसांनी रोप कुंडीत लावावे, म्हणजे डिसेंबरपासून फळे मिळू लागतात. फेब्रुवारीअखेर ऊन वाढले की वर ३५ टक्के सावलीची जाळी बांधावी आणि वाऱ्यासाठी बाजू मोकळ्या ठेवाव्यात. जाळीने हंगाम थोडा लांबतो. मे महिन्यात मात्र तीही पुरी पडत नाही.

कुंडी किमान बारा इंची, तळाला भोक असलेली घ्यावी. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. म्हणून माती, कुजलेले शेणखत आणि जाड वाळू सारख्या प्रमाणात मिसळावी. रोपाला काठीचा आधार द्यावा. पाणी सकाळी, नियमित द्यावे. एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी भरपूर, असे झाले की फळाचा खालचा भाग काळा पडतो. पाने आकसू लागली तर पांढरी माशी शोधावी; पिवळे चिकट कागद टांगल्यास ती त्यांना चिकटते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का रक्षक' हे वाण पाने आकसण्याच्या रोगाला दाद देत नाही.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, प्लास्टिकच्या नव्या घराचा आम्हीच मांडलेला प्रस्ताव बाजूला ठेवून जाळी आणि दोन तापमापके मंजूर करावीत. एक जाळीखाली, एक उघड्यावर टांगू. सातवीची मुले रोज दुपारी दोन वाजता दोन्ही आकडे फलकावर लिहितील.

मुलांनो, दुसऱ्याचा उपाय जरूर घ्या; पण तो कोणत्या दुखण्यावरचा आहे, हे आधी विचारा. आम्ही ते विचारले नाही आणि तुमची रोपे गेली. या सप्टेंबरमध्ये पुन्हा बी पेरू या.