नळी वाकते कशी, जुळते कशी?

सायकलीचा सांगाडा किंवा रिक्षाचे छत पेलणारे दांडे टिचकी मारून पाहा. आवाजावरून कळेल, की ते भरीव नाहीत. त्या पोकळ नळ्या आहेत. लोखंड वाचविण्यासाठी केलेली ही काटकसर नव्हे. त्यामागे पदार्थविज्ञान आहे.

सळई वाकवली म्हणजे तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. मधोमध असलेला धातू ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. तो जवळजवळ रिकामाच बसलेला असतो! मग त्याला तेथून काढून कडेला नेला तर? तीच नळी होय.

हिशेब करून पाहू. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः गाड्या बांधून ज्या ‘बाहा’ स्पर्धेत उतरतात, ती भारतात २००७ साली सुरू झाली. गाडी उलटली तरी चालकाचे डोके वाचावे म्हणून त्याच्याभोवती नळ्यांचा पिंजरा असतो. त्यासाठी २५.४ मिमी बाह्य व्यासाची व ३ मिमी जाड भिंतीची नळी प्रमाण मानतात. एक मीटर नळीचे वजन सुमारे १.६६ किलोग्रॅम भरते. तेवढ्याच वजनाची भरीव सळई केली, तर तिचा व्यास १६.४ मिमी होईल. पण वाकण्याला होणारा विरोध नळीत सळईच्या ३.८ पट असतो.

आता ही नळी काटकोनात वाकवू. बाकाच्या मध्यरेषेची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट, म्हणजे सुमारे ७६ मिमी, ठेवू. मध्यरेषेवर बाकाची लांबी १२० मिमी येते. बाहेरच्या कडेवर १४० आणि आतल्या कडेवर १००. म्हणजे बाहेरचा धातू जवळजवळ १७ टक्के ताणला गेला. साहजिकच तेथे भिंत पातळ होते व आत ती जाड होते. त्रिज्या याहून लहान घेतली, तर बाहेर चीर पडण्याचा आणि आत चुण्या पडण्याचा धोका वाढतो.

आणखी एक अडचण आहे. ताणलेली बाहेरची भिंत, कप्पीवरच्या दोरीप्रमाणे, आतल्या बाजूस दाब देते. दबलेली आतली भिंत उलट बाहेरच्या बाजूस ढकलते. दोघींच्या मध्ये नळी चेपते. पाहायचे असेल, तर गवंडी ज्या पारदर्शक नळीने पातळी तपासतो, तिचा हातभर तुकडा घ्या. तो झटकन वाकवला की मध्येच मुरडतो. आता त्यात कोरडी बारीक वाळू ठासून भरा, दोन्ही टोकांना बुचे बसवा व पुन्हा वाकवा. बाक गोलसर येईल, कारण भिंतींना आतून आधार मिळाला. पोलादी नळीतही कारागीर हीच युक्ती वापरतात. मात्र नळी तापवायची असेल, तर वाळू पूर्ण कोरडी हवी. ओल राहिली तर वाफ होऊन बूच गोळीसारखे उडते.

दाब काढताच नळी थोडी उलगडते. ही पोलादाची स्थितिस्थापकता. म्हणून ९० अंशांचा बाक हवा असेल, तर थोडे अधिकच वाकवावे लागते.

जोडताना एका नळीचे टोक कानशीने माशाच्या उघड्या तोंडासारखे घासतात, म्हणजे ते दुसरीच्या गोलाईवर फटीविना बसते. पुढे दोन मार्ग आहेत. पितळेने झाळताना पितळ सुमारे ९०० अंश सेल्सियसला वितळते. पोलाद घनच राहते. वात तेल ओढते, तसे वितळलेले पितळ अरुंद फटीत केशाकर्षणाने शिरते. सायकलींचे अनेक सांगाडे असेच जोडलेले असतात. वेल्डिंगमध्ये मात्र पोलादच सुमारे १५०० अंशांना वितळून एकजीव होते.

वेल्डिंगचा जोड पुष्कळदा जोडावर तुटत नाही. त्याच्या कडेला तुटतो. तेथील पोलाद वितळत नाही, पण लालभडक तापते. कार्बन पुरेसा असलेले पोलाद झपाट्याने थंड झाले, तर कठीण पण ठिसूळ होते. लोहार कोयत्याला पाणी पाजतो तो हे काठिण्य आणण्यासाठीच. धक्के खाणाऱ्या गाडीला ठिसूळपणा घातक ठरतो. म्हणून ताज्या वेल्डिंगवर पाणी ओतू नये. ते हवेत सावकाश निवू द्यावे. जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा पाइपही वेल्डिंगला घेऊ नये. जस्त ९०७ अंशांना उकळते. त्याचा धूर छातीत गेला तर ताप भरतो.

आता तुमच्या सायकलीकडे वळा. हँडलखालचे जोड पुसून उजेडात पाहा. जोडाच्या कडेला रंगात बारीक चीर किंवा गंजाची रेघ दिसली, तर तीवर रंग फासू नका. सायकल तशीच थांबवा आणि जाणत्या कारागिराला दाखवा. ती रेघ म्हणजे नळीने वेळेवर दिलेली सूचना असू शकते.