गवताचे छप्पर

आफ्रिका खंडाच्या पूर्व भागात केनिया हा देश आहे. त्याच्या पश्चिम सीमेवर व्हिक्टोरिया नावाचे विशाल सरोवर पसरले असून त्या सरोवराच्या काठी सियाया हा जिल्हा वसला आहे. विषुववृत्त येथून अगदी जवळ. लुओ जमातीचे लोक या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. मका, ज्वारी, घेवडा व रताळी ही त्यांची मुख्य पिके. पाऊस वर्षातून दोनदा येतो: मार्च ते मे या महिन्यांत मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत लहान. पुष्कळांची जमीन थोडी, आणि सारी भिस्त आभाळावर. आपल्याकडील कोरडवाहू शेतकऱ्याला हे वर्णन ओळखीचे वाटेल.

या भागातील गरीब शेतकऱ्याचे घर मातीच्या भिंतींचे व गवताने शाकारलेले असते. गवताचे छप्पर दिसावयास साजरे आणि उन्हात थंडावा देणारे खरे. परंतु वर्ष-दोन वर्षांत ते कुजू लागते, त्यात किडे होतात आणि पावसाची धार थेट अंथरुणावर येते. मग पुन्हा गवत आणावे, शाकारणाऱ्याला मजुरी द्यावी, हा खर्च कधी संपत नाही. पत्र्याचे छप्पर एकदा घातले की अनेक वर्षे टिकते. शिवाय त्यावरून पडणारे पावसाचे पाणी पन्हळीने पिंपात धरता येते. बऱ्याच वर्षांचा हिशेब मांडला, तर पत्रा परवडतो. हे त्या शेतकऱ्याला कळत नाही असे नाही. त्याची अडचण एवढीच, की पत्र्याची किंमत एकदम मोजावी लागते आणि तेवढी रक्कम त्याच्या हाती कधी एकत्र येत नाही. म्हणून जे शेवटी महाग पडते, तेच तो वारंवार विकत घेतो.

धान्याच्या बाबतीतही हेच घडते. सुगी होताच देणी भागविण्यासाठी मका विकावा लागतो. त्या वेळी भाव उतरलेला असतो. पुढील सुगीपूर्वी घरातील कणगी रिकामी होते, तेव्हा तोच मका चढ्या भावाने विकत आणावा लागतो. गरज असते त्या वेळी हाती पैसा नसल्यामुळे गरीब माणूस अधिकच गरीब होत जातो.

अशा कुटुंबाला मदत कशी करावी? कोणी धान्य देतात, कोणी बियाणे, कोणी शेळी, तर कोणी अवजारे देतात. या सर्व प्रकारांत काय द्यावयाचे ते देणारा ठरवितो. गिव्हडायरेक्टली या संस्थेने निराळा मार्ग धरला. सियाया जिल्ह्यातील रारिएडा भागात, २०११ ते २०१३ या काळात, गवती छपराखाली राहणाऱ्या काही कुटुंबांना तिने सरळ रोख रक्कम दिली. ती परत करावयाची नव्हती आणि ती कशावर खर्च करावी याविषयी कोणतीही अट नव्हती.

ही रक्कम खेड्यापर्यंत पोहोचली ती मोबाइल फोनवरून. केनियामध्ये २००७ साली ‘एम-पेसा’ नावाची सेवा सुरू झाली. तिच्यामुळे बँकेत खाते नसलेल्या माणसालाही फोनवर पैसे मिळू लागले आणि जवळच्या दुकानदाराकडून ते रोख घेता येऊ लागले. यातील ‘पेसा’ हा शब्द स्वाहिली भाषेतील असून तो आपल्या ‘पैसा’ या शब्दाचा भाऊबंद आहे. केनियामध्ये १९२० सालापर्यंत रुपया हेच चलन होते, हे लक्षात घेतले म्हणजे या नात्याचे नवल वाटत नाही.

विनासायास मिळालेला पैसा लोक दारू-तंबाखूत उडवतील, अशी शंका अनेकांनी घेतली. अर्थशास्त्रज्ञांनी ती तपासून पाहिली. ज्यांना रक्कम मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही, अशा कुटुंबांच्या खर्चाची त्यांनी तुलना केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दारू व तंबाखू यांवरील खर्च वाढल्याचे आढळले नाही. लोकांनी घरावर पत्रे घातले, गुरे-कोंबड्या घेतल्या, लहानसहान धंद्यांत पैसे घातले. घरात अन्न अधिक येऊ लागले आणि मनावरील चिंतेचे ओझेही काहीसे हलके झाले. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ज्यांना रक्कम दरमहा थोडी थोडी मिळाली, त्यांच्या जेवणाची ददात अधिक मिटली. ज्यांना ती एकरकमी मिळाली, त्यांनी ती पत्र्यांसारख्या टिकाऊ वस्तूंवर अधिक खर्च केली. भारतात २०१९ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत शेतकऱ्याच्या खात्यावर जमा करण्याची सोय केली गेली. त्यामागेही थेट मदतीचेच तत्त्व आहे. मात्र हप्ता लहान असला म्हणजे त्याचा उपयोगही निराळा होतो.

यानंतर सियाया जिल्ह्यात याहून मोठा प्रयोग झाला. ६५३ खेडी पाहणीसाठी निवडण्यात आली आणि २०१४ ते २०१७ या काळात १०,५०० हून अधिक कुटुंबांना प्रत्येकी सुमारे ८७,००० केनियन शिलिंग, म्हणजे त्या वेळचे सुमारे १,००० डॉलर, देण्यात आले. कुटुंबाच्या वर्षाच्या खर्चापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग भागेल एवढी ही रक्कम होती. एवढा पैसा एकदम आला म्हणजे भाव भडकतील, अशी भीती होती. प्रत्यक्षात भाववाढ फारच थोडी, ०.१ टक्क्याच्या आसपास झाली. खेड्यातील पिठाच्या गिरण्या व दुकाने दिवसातील बराच वेळ रिकामी असत. गिऱ्हाईक वाढले तरी तेवढे काम त्यांना सहज पेलले. शेतकऱ्याने दिलेला पैसा सुताराकडे गेला, सुताराने तो दुकानदाराला दिला, दुकानदाराने हाताखाली मजूर ठेवला. त्यामुळे ज्यांना मदत मिळाली नव्हती, त्यांच्याही घरी चार पैसे अधिक आले. बाहेरून आलेल्या प्रत्येक शिलिंगामागे त्या भागाच्या उत्पन्नात सुमारे अडीच शिलिंगांची भर पडली, असा हिशेब निघाला.

तथापि रोख पैशाने सर्व काही साधत नाही. रारिएडाच्या पाहणीत मुलांचे शिक्षण व आरोग्य यांत ठळक फरक दिसला नव्हता. सियायातील मोठ्या प्रयोगासंबंधी २०२५ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, तो या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मदत मिळालेल्या कुटुंबांत एक वर्षाच्या आतील बालकांच्या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले, असे त्यात आढळले. बाळंतपणासाठी अधिक स्त्रिया रुग्णालयात जाऊ शकल्या, घरात पोटभर अन्न आले आणि दिवस भरत आलेल्या मातेला कष्टाच्या कामातून विसावा मिळाला. परंतु हा लाभ विशेषतः, जेथे डॉक्टर असलेले रुग्णालय जवळ होते, तेथे दिसून आला. हाती पैसा आहे पण गावाजवळ रुग्णालय नाही, अशा मातेची अडचण पैशाने कशी दूर व्हावी? रुग्णालय, रस्ता, शाळा या गोष्टी एकटे कुटुंब विकत घेऊ शकत नाही; त्या समाजाने व शासनाने उभाराव्या लागतात.

मात्र घराचे छप्पर केव्हा बदलावे, शेळी घ्यावी की बियाणे, आजारी मुलाला केव्हा दवाखान्यात न्यावे, हे त्या घरातील माणसे अधिक जाणतात. सियायातील शेतकऱ्याला पत्र्याचे महत्त्व कोणी शिकवावे लागले नाही. पुरेशी रक्कम एकदा हाती येताच त्याने गवत उतरविले आणि पत्रा चढविला. पुढील पावसाळ्यात त्या घरातील मुले कोरड्या अंथरुणावर झोपली.