दक्षिण गंगोत्रीचे दशक आणि अदिती पंत

भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर 1983 मध्ये गोव्याहून निघाली, त्याला 40 वर्षे उलटून गेली, तरी तिच्यातील दोन स्त्रियांची ओळख स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांतील एका ओळीपुरतीच उरली आहे. त्याआधीचा इतिहास फार रेंगाळण्याजोगा नाही. अमेरिकी नौदलाने 1969 पर्यंत स्त्री शास्त्रज्ञांना तेथे नेण्याचे टाळले, एवढे सांगितले तरी पुरे.

खरा विचार करायला हवा तो ऐंशीच्या दशकाचा. नागपूरला जन्मलेल्या, पुणे, हवाई आणि लंडन येथे शिकलेल्या अदिती पंत या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करीत होत्या, तर जादवपूर विद्यापीठाच्या सुदीप्ता सेनगुप्ता या भूवैज्ञानिक गिर्यारोहणाचे प्रशिक्षण घेतलेल्या होत्या. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखालील याच मोहिमेने ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचे पहिले स्थानक उभारले. सेनगुप्तांनी शिर्माखर टेकड्यांतील खडकांच्या घड्या अभ्यासल्या, तर पंतांचा विषय होता प्राथमिक उत्पादन, म्हणजे पाण्यातील सूक्ष्म वनस्पती सूर्यप्रकाशाच्या बळावर किती अन्न तयार करतात याचे मोजमाप. त्यासाठी वेगवेगळ्या खोलीवरचे पाणी बाटल्यांतून वर आणायचे, ते बारीक गाळणकागदातून गाळायचे आणि त्यावर साचलेल्या थरातील हरितद्रव्य मोजायचे, अशी ही चिकाटीची पद्धत असते; क्रिल या कोळंबीसारख्या जीवांपासून देवमाशापर्यंतची अन्नसाखळी शेवटी याच हिरव्या थरावर उभी असते. हे काम मागे पडून केवळ ‘पहिली महिला’ हे बिरुद मिरवले जावे, हा गौरव नसून सोयीस्कर विस्मरण आहे.

पंत पाचव्या मोहिमेतही गेल्या आणि सेनगुप्ता नवव्या. पण या दोघींमुळे दार सताड उघडले, असा जो समज पसरवला जातो, तो खरा नाही. अंटार्क्टिकातील भारतीय स्थानकावर संपूर्ण हिवाळा काढण्याची संधी भारतीय स्त्रीला मिळण्यास, म्हणजे डॉ. कंवल विल्कू यांना ती मिळेपर्यंत, 2000 साल उजाडावे लागले. दरम्यान तरंगत्या हिमस्तरावर बांधलेले दक्षिण गंगोत्री बर्फाखाली गाडले जाऊन 1990 मध्ये बंदही झाले होते.

सेनगुप्तांनी आपला अनुभव बंगालीत पुस्तकरूपाने मांडला. पंतांच्या संशोधनाचा तितकाच सविस्तर परिचय मराठीत करून देण्याचे काम येथील विज्ञानलेखकांनी आता अंगावर घ्यावे.