पेणहून रोह्याला विमानाने किती वेळ लागेल?

पेणला विमानतळ नाही, रोह्यालाही नाही. तरीही हा प्रश्न मनापासून सोडवून पाहावा, कारण त्याच्या उत्तरात अख्खी पृथ्वी येते.

आधी अंतर पाहू. पेणहून निघालेला रस्ता वडखळला वळतो, नागोठण्याला अंबा नदी गाठतो आणि भिसे खिंड ओलांडून कुंडलिकेकाठच्या रोह्यात उतरतो. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. कासू, नागोठणे, निडी करत जाणारी रेल्वेही साधारण तेवढंच कापते.

आकाशातलं अंतर मोजायला मात्र घराबाहेर पडावंच लागत नाही. पेणचा अक्षांश सुमारे 18 अंश 44 कला, रोह्याचा 18 अंश 26 कला. रेखांश दोन्हीकडे जवळजवळ सारखाच, 73 अंशांच्या किंचित पुढे. म्हणजे रोहा पेणच्या जवळपास थेट दक्षिणेला आहे, आणि फरक फक्त 18 कलांचा.

आता गंमत पाहा. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शास्त्रज्ञांनी मीटर ठरवला, तो उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. म्हणजे ते अंतर दहा हजार किलोमीटर. त्याचे 90 भाग केले की एक अंश 111 किलोमीटरचा, आणि अंशाचे साठ भाग केले की एक कला सुमारे 1.85 किलोमीटरची. दर्यावर्दी आणि वैमानिक जो सागरी मैल वापरतात, तो हाच. पेण ते रोहा 18 सागरी मैल, म्हणजे 33 किलोमीटर! पृथ्वीच्या गोलाईतून काढलेलं माप रायगडातल्या दोन गावांना इतकं चपखल बसतं, याचं मला आजही नवल वाटतं.

ताशी 850 किलोमीटर वेगाच्या जेटला हे अंतर सव्वादोन मिनिटांचं. पण तो वेग यायला उंची लागते. दहा-अकरा किलोमीटर उंची गाठायला प्रवासी विमानाला साधारण वीस मिनिटं आणि दीडशेहून अधिक किलोमीटर लागतात. नवी मुंबई विमानतळ पेणच्या उत्तरेला, जवळपास त्याच रेखांशावर आहे; पण तिथली धावपट्टी पूर्व-पश्चिम. दक्षिणेला जाणारं विमान आधी वळेल, मग चढू लागेल, आणि रोहा मागे पडेल तेव्हाही ते चढतच असेल. मुंबई-गोवा हवाई अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, नुसत्या भागाकाराने अर्ध्या तासाचं. तिकिटावर मात्र तासाहून जास्त वेळ असतो. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढण, उतरण, सगळं त्यात येतं.

तरी छोटी उड्डाणं असतात. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जेमतेम पावणेतीन किलोमीटरचं अंतर छोटं विमान दीड-दोन मिनिटांत कापतं, कारण मध्ये समुद्र आहे. ब्यूनस आयर्स आणि माँटेव्हिडिओ यांच्यामध्येही अशीच अफाट रुंद नदी पसरली आहे. सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर, पण पूल गाठत रस्त्याने गेलं तर पाचशेहून अधिक. तिथे विमानाला अर्थ आहे. पेण-रोह्यामध्ये वळसा जेमतेम सात-आठ किलोमीटरचा, म्हणून इथे रेल्वेच खरी.

तुमच्या गावाच्या थेट उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेलं एखादं गाव निवडा. फोनवर दोन्हींचे अक्षांश पाहा, वजाबाकी करा आणि 111 ने गुणा.