काडतुसाची मान आणि पितळातला ताण

रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात : पुढची गोळी, आतली दारू, बुडाशी बसवलेला आणि ठिणगी देणारा प्रायमर, आणि या तिन्हींना एकत्र धरणारी पितळी पुंगळी. काडतूस झाडले की पहिले तीन भाग खर्ची पडतात. पुंगळी तेवढी उरते. तिच्या पुढच्या टोकाला असलेला अरुंद भाग म्हणजे तिची मान. गोळी या मानेत धरलेली असते. ७.६२ मिलिमीटर जातीच्या काडतुसात मानेच्या पितळाची जाडी जेमतेम ०.३८ मिलिमीटर असते. एवढ्या पातळ कड्याने गोळी वाहतुकीत, ओलाव्यात आणि साठवणीच्या अनेक वर्षांत जागची हलू द्यायची नसते, आणि बार उडताच मात्र तिला एकसारख्या जोराने सोडायचे असते. अचूक नेमबाजीसाठी वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरताना सर्वांत बारीक लक्ष या मानेकडे दिले जाते, ते यामुळेच.

सत्तर भाग तांबे, तीस भाग जस्त

पुंगळीचे पितळ ठरलेल्या प्रमाणाचे असते : ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. एवढे जस्त तांब्याच्या स्फटिकरचनेत पूर्ण विरघळून राहते, त्याचा वेगळा ठिसूळ थर तयार होत नाही. त्यामुळे हा धातू थंड अवस्थेतच विलक्षण ताणला जातो. पूर्ण मऊ केलेली पट्टी तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या साठ टक्क्यांहून अधिक वाढू शकते.

कारखान्यात पुंगळीची सुरुवात एका पितळी चकतीपासून होते. चकतीची आधी वाटी होते, वाटी एकामागून एक साच्यांतून ओढली जाऊन लांब नळी होते, मग बूड ठोकून घडवले जाते आणि शेवटी खांदा (धड आणि मान यांमधला उतार) व मान आवळली जाते. महाराष्ट्रात हे काम जुने आहे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला, आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावची आयुध निर्माणी १९६४ मध्ये. २०२१ च्या पुनर्रचनेनंतर हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत.

ओढणे आणि ठोकणे यांमुळे पितळाचा आकार बदलतो, तसा त्याचा स्वभावही बदलतो. धातूच्या स्फटिकांत अणूंच्या रांगा जिथे चुकलेल्या असतात, तिथून रांगा एकमेकींवरून सरकतात आणि धातू वाकतो. काम होत जाते तशी या चुकलेल्या जागांची गर्दी वाढते, त्या एकमेकींची वाट अडवू लागतात आणि धातू कडक होतो. मऊ ७०:३० पितळ सुमारे १०० मेगापास्कल ताणाला कायमचे वाकू लागते. थंड अवस्थेत भरपूर काम झालेल्या त्याच पितळाला वाकवायला चारशेहून अधिक मेगापास्कल लागतात. त्याची वाढण्याची क्षमता मात्र साठ टक्क्यांवरून आठेक टक्क्यांवर घसरते.

तांबट हे अनुभवाने जाणतो. हंडा ठोकता ठोकता पत्रा ‘बोलू’ लागला की तो भट्टीत तापवून पुन्हा मऊ करून घेतला जातो. कारखान्यातही दोन ओढींच्या मध्ये पुंगळी भट्टीतून जाते, आणि मान घडून झाल्यावर फक्त मान व खांदा ज्योतीवर तापवला जातो. लष्करी पुंगळ्यांच्या मानेभोवती दिसणारा निळसर-तपकिरी पट्टा ही त्या शेवटच्या तापवणीची खूण असते.

बार उडतो तेव्हा

दारू पेटल्यावर पुंगळीच्या आत वातावरणाच्या सुमारे चार हजार पट दाब तयार होतो. पितळ क्षणात फुगून रायफलच्या चेंबरच्या (काडतूस बसते त्या पोकळीच्या) भिंतीला चिकटते आणि वायूला मागे निसटू देत नाही. दाब उतरताच ते किंचित आकसते, म्हणूनच पुंगळी बाहेर ओढता येते. पण ते मूळ मापावर परत येत नाही. ७.६२ मिलिमीटरच्या भरलेल्या काडतुसाची मान बाहेरून सुमारे ८.५८ मिलिमीटर असेल, तर बार झाल्यावर ती ८.७ च्या आसपास भरते. आता नवी गोळी त्या मानेत सैल पडते. पुंगळी पुन्हा वापरायची तर मान आवळावी लागते.

नेहमीच्या डायमध्ये, म्हणजे पुंगळी दाबून मापावर आणणाऱ्या साच्यात, हे काम दोन पावलांत होते. डाय सर्व कारखान्यांच्या पुंगळ्यांना चालावी म्हणून तिचे मानेचे भोक गरजेपेक्षा बरेच लहान ठेवलेले असते. पुंगळी आत दाबली की मान खूप आवळली जाते; पुंगळी बाहेर निघताना मधल्या दांड्यावरचा पोलादी गोळा तिच्यातून ओढला जातो आणि मान आतून पुन्हा रुंद होते. म्हणजे प्रत्येक फेरीत पितळ नको तेवढे आत जाते आणि नको तेवढे बाहेर येते. त्यात ते कडक होत जाते. शिवाय तो गोळा ओढला जाताना मान पुंगळीच्या अक्षापासून थोडी तिरपी होऊ शकते. तिरप्या मानेत बसलेली गोळी नळीत तिरपी शिरते, आणि लांबच्या लक्ष्यावर हा तिरपेपणा मोठा होऊन दिसतो.

यावरचा उपाय म्हणजे बुशिंग डाय. तिच्यात मानेच्या जागी एक सुटे, बदलता येणारे कडे, म्हणजे बुशिंग, असते. कडक पोलादाची किंवा कार्बाइडची ही बुशिंगे ०.०२५ मिलिमीटरच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या टप्प्याने मिळतात. बुशिंग डायमध्ये घट्ट बसवत नाहीत. मानेवर स्वतःला नीट बसवून घेता यावे एवढी मोकळीक त्याला ठेवतात. माप निवडण्याची रीत सरळ आहे. गोळी बसवलेल्या काडतुसाची मान बाहेरून मोजायची आणि त्यातून ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर वजा करायचे. मान ८.५८ भरली तर बुशिंग ८.५३ चे. मान गरजेपुरतीच आवळली जात असल्याने आतून पुन्हा रुंद करण्याचे दुसरे पाऊल टाळता येते. एका दमात फार आवळायचे असेल, तर मधल्या मापाचे बुशिंग घेऊन दोन टप्प्यांत आवळतात.

बुशिंग बाहेरून दाबते, ही त्याची मर्यादा आहे. मानेच्या भिंतीची जाडी एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त असेल, तर तो फरक आतल्या भोकात उतरतो. म्हणून स्पर्धेसाठी भरणारे आधी मान बाहेरून कातून तिची जाडी सारखी करून घेतात.

आणखी एक निवड धडाची असते. फक्त मान आवळली तर पुंगळीचे धड त्या एका रायफलच्या चेंबरच्या मापाचे राहते आणि पितळावर कमी काम होते. पण काही फेऱ्यांनंतर असे धड चेंबरमध्ये घट्ट होऊ लागते आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद करायला जोर लागतो. तेव्हा धड व खांदाही थोडा मागे आणावा लागतो. अलीकडे अनेक स्पर्धक धड किंचित आणि मान बुशिंगने, अशी दोन्ही कामे प्रत्येक फेरीत करतात.

उसळीचा हिशेब

इथे मोजपट्टी पुरत नाही, कारण पितळ दाबलेल्या मापावर थांबत नाही. दाब काढला की ते थोडे मागे उसळते, आणि किती उसळेल हे त्याच्या कडकपणावर ठरते. पितळाचा लवचिकता गुणांक सुमारे १,१०,००० मेगापास्कल आहे. ४३५ मेगापास्कलपर्यंत ताण पेलणाऱ्या कडक पितळाची उसळी अंदाजे ०.४ टक्के येते. साडेआठ मिलिमीटरच्या मानेवर ती ०.०३ मिलिमीटरहून थोडी जास्त होते. १०० मेगापास्कलला वाकणाऱ्या मऊ पितळाची उसळी ०.००८ मिलिमीटरच्या आसपास राहते. हे हिशेब ढोबळ आहेत, पण त्यांतून मुद्दा स्पष्ट होतो : ज्या ०.०५ मिलिमीटरसाठी बुशिंग निवडले, त्यातला अर्ध्याहून अधिक भाग कडक मान परत घेते.

म्हणून एकाच बुशिंगमधून निघालेल्या, पण वेगवेगळ्या वेळा झाडलेल्या पुंगळ्या गोळीला एकसारख्या जोराने धरत नाहीत. मऊ मान मापाने जास्त आवळलेली निघते, तरी तिची पकड सौम्य असते, कारण मऊ पितळ फार ताण पेलतच नाही. कडक मान मापाने थोडी सैल दिसते आणि तरीही गोळीला अधिक जोराने धरू शकते. गोळी सुटण्याचा जोर बदलला की दारू पेटण्याची गती, नळीतला दाब आणि गोळीचा वेग यांवरही परिणाम होतो. अचूकतेसाठी भरणारे एका गटातल्या पुंगळ्या एकत्र झाडतात, एकत्र आवळतात आणि एकत्रच तापवतात, ते याचमुळे.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. मान गरजेपेक्षा फार आवळली म्हणून पकड त्या प्रमाणात वाढत नाही. गोळी आत शिरताना मानेला पेलण्यापलीकडे ताणते, आणि त्यापुढे पितळ नुसते रुंद होते. पकड वाढत नाही, पितळ मात्र आणखी थकते.

पावसाळा, तबेला आणि तडे

गोळी बसल्यावर मानेचे पितळ सतत ताणलेले राहते. तो ताणच गोळीला धरून ठेवतो, आणि तोच ताण मान फोडूही शकतो. याचा धडा जगाला हिंदुस्थानात मिळाला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लष्कराने इथे साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना, कोणी हात न लावता, तडे जाऊ लागले. पावसाळ्यात, विशेषतः तबेल्यांच्या आसपास ठेवलेल्या साठ्यात, हे प्रमाण ठळक होते. कारण कळायला १९२१ साल उजाडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिले, की घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि हवेतला दमटपणा हे दोघे मिळून ताणलेल्या पितळावर हल्ला करतात.

ओल्या हवेत अमोनिया तांब्याशी विरघळणारे निळे संयुग बनवतो. हे झिजवणे स्फटिकांच्या सीमांवरून आत शिरते आणि पितळातला ताण ती फट उघडत नेतो. पितळातले भरपूर जस्त, धातूतला ताण आणि अमोनिया, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच तडा जातो. यांपैकी एक काढली की तो टळतो. जस्त पंधरा टक्क्यांच्या खाली असलेले पितळ या रोगाला फारसे बळी पडत नाही, पण पुंगळीला लागणारी ताणक्षमता तीस टक्के जस्ताचेच पितळ देते. म्हणून उपाय उरले दोन. तयार मालातला घडणीचा ताण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवून उतरवायचा, त्यात कडकपणा फारसा कमी होत नाही. आणि साठा अमोनियापासून दूर ठेवायचा.

अमोनियाचे हे रसायन धातूच्या कारागिरांनाही परके नाही. पितळी भांड्यांना कल्हई करताना वापरला जाणारा नवसागर हा अमोनियम क्लोराइडच असतो. जस्ताच्या भांड्यांवर चांदी जडवण्याच्या बिदरी कामात बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात कालवून भांड्याला लावतात. जस्तात थोडे तांबे मिसळलेला धातू काळा होतो आणि चांदीची जडण झळकत राहते. बिदरीचे भांडे ओतीव असते आणि त्याचे मिश्रणही वेगळे, त्यामुळे नवसागराचे काम तिथे पृष्ठभागावरच थांबते. ओढून, आवळून ताणलेल्या पुंगळीला मात्र अमोनियाचा संपर्क घातक असतो. म्हणून पुंगळ्या उजळायला अमोनिया असलेले पॉलिश वापरत नाहीत.

मानेला विसावा, बुडाला नाही

काही फेऱ्यांनंतर मान इतकी कडक होते की ती लांबीच्या दिशेने फाटते. त्याआधी तिला पुन्हा मऊ करतात. भट्टीत तासभर ठेवायचे तर कमी तापमानही पुरते, पण ज्योतीवर काही सेकंदांत काम व्हायचे असेल तर मानेचे तापमान ४०० अंशांच्या वर न्यावे लागते. मान लालभडक झाली तर स्फटिक मोठे होतात आणि पितळ गरजेपेक्षा मऊ पडते. पुंगळी नंतर पाण्यात टाकली तरी पितळ पोलादासारखे कडक होत नाही. पाण्यामुळे उष्णता बुडाकडे पसरणे तेवढे थांबते. हे थांबणे अत्यावश्यक आहे. चार हजार वातावरणांचा दाब पेलणारे बूड कडकच राहायला हवे. मऊ झालेल्या बुडाची पुंगळी चेंबरमध्ये फुटली, तर वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो.

ही सारी पद्धत मधोमध प्रायमर असलेल्या काडतुसांसाठी आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारातल्या .२२ काडतुसात ठिणगी देणारे मिश्रण बुडाच्या काठात भरलेले असते आणि आघाताने काठ चेपतो, म्हणून ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही. ३०० मीटर आणि त्याहून लांबच्या स्पर्धांतल्या काडतुसांत मात्र मानेचे हे काम रोजचे असते. भारतात परवान्याशिवाय काडतूस तयार करणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे इथे हे ज्ञान मुख्यतः आयुध निर्माण्या, प्रयोगशाळा आणि धातुशास्त्राच्या वर्गात उपयोगी पडते.

पुंगळी पुन्हा भरण्यापूर्वीची शेवटची पायरी तपासणीची असते. मानेवर उभा तडा, मानेच्या लांबीत झालेली वाढ आणि बुडाच्या थोडे वर, आडवा चमकता पट्टा या तीन खुणा पाहतात. वाढलेली लांबी कापून दुरुस्त होते. मानेवरचा तडा किंवा बुडाजवळचा पट्टा कोणत्याही उपायाने भरून येत नाही. अशी पुंगळी मोडीत काढतात.